उलटली घोडी, तपासा घोडा

मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमारास, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून जनावरे येतात आणि सौदे लाखांत होतात. घेणारा भोळा नसतो. तो घोड्याचा ओठ उलटून दात बघतो, वय काढतो. कपाळ, मान, छाती, पोट असे भोवरे एकेक करून तपासतो. गळ्याला देवमन दिसला की त्याचा चेहरा खुलतो. नको त्या जागी भोवरा निघाला तर हेड्याने कितीही शपथा घेतल्या तरी रुमालाखालची बोटे मागे जातात. खूर उचलून बघतो, नळीवरून हात फिरवून सूज चाचपतो, घोडा रेवाल चालवून घेतो. बाप कोणता, आजा कोणता, कुठल्या पागेतला, हेही खोदून विचारतो. एवढी सगळी पारख होते; पण पैदाशीसाठी घ्यायच्या घोड्यापासून पैदास होईल का, हा प्रश्न बाजारात कोणी काढत नाही. अंडील आहे, मान कमानदार आहे, घोडी दिसताच खिंकाळतो, दोन पायांवर उभा राहतो, एवढा पुरावा पुरेसा मानला जातो.

हाच घोडा पुढे 'क्रॉसिंग'ला लागतो. आसपासच्या घोड्या आणल्या जातात, फी घेतली जाते आणि तीन आठवड्यांनी घोडी पुन्हा माजावर येते. मालक म्हणतो, उलटली. पुन्हा नेतो, पुन्हा उलटते. मग तिच्यामागे शुक्लकाष्ठ लागते: गर्भाशय धुणे, सोनोग्राफी, इंजेक्शने, झाडपाला, कुणाचा तरी अंगारा. यातले काहीच लागू पडले नाही की 'वांझ' म्हणून तिला मिळेल त्या भावाला काढून टाकतात. घोडा तोवर तिसऱ्या गावच्या घोडीसाठी सजून उभा असतो. मूल होत नाही म्हटल्यावर आधी सुनेला दवाखान्यात नेणाऱ्या घरांची रीत तबेल्यातही चालू आहे.

नुकसान थोडेथोडके नसते. घोडीचा गर्भकाळ साधारण अकरा महिन्यांचा. ती वर्षभर सारखी माजावर येत नाही. दिवस मोठे होऊ लागले की तिचा खरा हंगाम सुरू होतो. तो हुकला की वर्ष गेले. दोन हंगाम हुकले की गरीब घोडेवाल्याच्या हातून घोडी जाते. आणि दोष घोड्यात असला तर हे एका दारी घडत नाही, त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक घोडीच्या दारी घडते. एका नापीक घोडीने एका मालकाचे नुकसान होते. एका नापीक घोड्याने पंचक्रोशीचे होते. तरीही तपास घोडीपासून सुरू होतो, ही या धंद्यातली सर्वांत महागडी सवय आहे.

अमेरिकेत 'सिगार' नावाचा घोडा होता. त्याने सलग १६ शर्यती जिंकल्या, १९९६ साली पहिला दुबई वर्ल्ड कप जिंकला, १९९५ आणि १९९६ अशी लागोपाठ दोन वर्षे तो तिथला वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. मग त्याला केंटकीतल्या ॲशफर्ड स्टडवर पैदाशीला नेले. १९९७ च्या हंगामात त्याला ३४ घोड्या लावल्या. एकही गाभण राहिली नाही. तज्ज्ञ आले, उपचार झाले, उपयोग झाला नाही. विमा कंपनीने अडीच कोटी डॉलर मोजले आणि घोड्याने उरलेले आयुष्य केंटकी हॉर्स पार्कमध्ये प्रेक्षकांच्या कौतुकात काढले. चाल, ताकद, रूप, वंश, यांत काहीही उणे नसलेला घोडा नापीक असू शकतो, हा त्यातला एक धडा. दुसरा धडा आपल्या अधिक कामाचा आहे. ३४ घोड्यांची नोंद एका वहीत होती, म्हणून एका हंगामात हिशेब लागला. त्याच घोड्याला आपल्याकडे ३४ गावांच्या ३४ घोड्या आल्या असत्या, तर ३४ मालकांनी आपापल्या घोडीला बोल लावला असता. बेरीज करायला कोणी नसते, म्हणून घोडा सुटतो.

ही बेरीज मांडायची, आणि ती चुकते आहे असे दिसले की घोड्याचे रक्त तपासायचे. रक्तातून काय कळते, हे समजून घेतल्याशिवाय तपासणी म्हणजेही नवा अंगाराच ठरेल. म्हणून थोडे शरीरशास्त्र. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी दोन हुकूम सोडते. एलएच हे हॉर्मोन अंडकोशातल्या लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन करवून घेते. एफएसएच हे हॉर्मोन सर्टोली पेशींना कामाला लावते. शुक्रजंतू वाढतात ते याच पेशींच्या आधाराने. सर्टोली पेशी उलट इन्हिबिन नावाचे हॉर्मोन सोडून वर कळवतात की काम चालू आहे, आता बेताने. ऊसतोडीच्या फडातल्या मुकादमासारखा हा प्रकार आहे. मोळ्या वेळेवर पडत असल्या की मुकादम बांधावर शांत असतो. कोयते थंडावले की त्याचा आवाज चढतो. अंडकोश थकू लागला की इन्हिबिन घटते आणि एफएसएच चढते. हा चढलेला आवाज रक्तात मोजता येतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील जॅनेट रोझर यांनी नापीक होत चाललेल्या घोड्यांच्या हॉर्मोनवर बरीच वर्षे काम केले. त्यातून पुढे आलेला क्रम प्रत्येक घोडेवाल्याने पाठ करावा असा आहे. आधी एफएसएच चढते. इन्हिबिन आणि इस्ट्रोजेन उतरतात. टेस्टोस्टेरॉन उतरते ते अगदी शेवटी, अंडकोशाची बरीच हानी होऊन गेल्यावर. म्हणजे ज्या एका हॉर्मोनचे नाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, ज्याच्या जोरावर मान कमानदार होते, आवाज घुमतो आणि घोडा उड्या घेतो, ते सर्वांत उशिरा बोलते. मस्ती टेस्टोस्टेरॉनची असते. पीक सर्टोली पेशींचे असते. ही दोन खाती वेगळी आहेत आणि बाजार पहिल्या खात्यावरची शिल्लक बघून दुसऱ्या खात्याचा धनादेश वटवतो.

इस्ट्रोजेनचे नाव ऐकून कोणी दचकेल, कारण ते 'बायकी' हॉर्मोन अशी आपली समजूत. बर्नहार्ड त्सोंडेक या शास्त्रज्ञाने १९३४ सालीच 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले होते की अंडील घोड्याच्या लघवीतून इस्ट्रोजेन प्रचंड प्रमाणात बाहेर पडते. ते तयार होते अंडकोशातच. इतर बहुतेक नर प्राण्यांत असे आढळत नाही. तेव्हा घोड्याच्या अहवालात इस्ट्रोजेन भरपूर दिसले तर घाबरू नये. घसरलेले दिसले तर मात्र सावध व्हावे.

आता सुईकडे वळू. घोडा मंदावला, घोडीकडे लक्ष देईना, किंवा दोन-तीन घोड्या उलटल्या की तबेल्यात एक सल्ला हमखास मिळतो: ताकदीचे इंजेक्शन द्या. हे ताकदीचे इंजेक्शन पुष्कळदा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीतले बोल्डेनोन, नँड्रोलोन असते. देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, परिणाम उलटा होतो. बाहेरून आलेले टेस्टोस्टेरॉन रक्तात वाढले की पिट्युइटरीला वाटते, माल भरपूर आहे. ती एलएच आवरते. एलएच आटले की अंडकोशाचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन थांबते. शुक्रजंतू तयार व्हायला अंडकोशाच्या आत रक्तातल्या प्रमाणाच्या कितीतरी पट टेस्टोस्टेरॉन लागते, आणि ते सुईने तिथवर पोचवता येत नाही. म्हणून घोडा बाहेरून फुगतो, मस्ती करतो, गिऱ्हाईक खूश होते, आणि आतले अंडकोश लहान होत जातात, वीर्य पातळ पडते. घोड्याच्या अंडकोशात एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ५७ दिवस लागतात आणि तो बाहेर पडण्याजोगा व्हायला आणखी आठवडाभर तरी जातो. त्यामुळे सुई थांबवली तरी बिघडलेले काही आठवड्यांत सुधारत नाही. हंगाम हातचा जातो. अंगात चढलेला ताप किंवा वैशाखातला उकाडासुद्धा असेच दोन महिने मागे ओढतो, पण ते तरी नशिबाचे. सुई आपण हाताने देतो.

गंमत अशी की घोड्याच्या टेस्टोस्टेरॉनचे मोजमाप जगात नवे नाही. शर्यतीच्या दुनियेत ते डोळ्यांत तेल घालून होते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खच्ची घोड्याच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन मिलिलिटरमागे ०.०२ मायक्रोग्रॅमच्या वर गेले की चोरी पकडली जाते. एक घोडा दुसऱ्याच्या पुढे बेकायदा नाकभर सरकू नये म्हणून इतकी बारीक मोजणी, आणि पुढची पिढी जिच्यावर उभी राहायची त्या पैदाशीला डोळ्यांचा अंदाज. पैसा जिथे लागला आहे तिथे मोजमाप होते, हे खरे. पण पैदाशीतही पैसाच लागलेला आहे. फक्त तो अनेक लहान मालकांच्या खिशातून थोडा थोडा जातो, म्हणून त्याचा आवाज होत नाही.

रक्ततपासणी सगळ्यांत चोख निकाल देते ते वेगळ्याच एका भांडणात. घोडा 'खच्ची केलेला' म्हणून विकला जातो आणि नव्या मालकाकडे आल्यावर घोड्यांच्या मागे लागतो, चावतो, आवरत नाही. विकणारा म्हणतो, सवय आहे, जाईल. घेणारा म्हणतो, फसवले. दोघांचेही खरे असू शकते. काही घोड्यांचा एक अंडकोश खाली उतरतच नाही, पोटात किंवा जांघेत अडकून राहतो. अर्धवट शिकलेला माणूस खाली दिसणारा एक काढतो आणि काम झाले म्हणतो. पोटातल्या उष्णतेत त्या अडकलेल्या अंडकोशात शुक्रजंतू होत नाहीत, पण टेस्टोस्टेरॉन होत राहते; त्यामुळे घोडा नापीक आणि तरीही मस्तवाल. उलट, दोन्ही अंडकोश नीट काढलेले काही घोडेही जुन्या सवयीने अंडीलासारखे वागतात. 'खच्ची करताना नळीचा तुकडा राहिला म्हणून मस्ती राहिली' हे स्पष्टीकरण जगभरच्या तबेल्यांत ऐकू येते. त्यात तथ्य नाही, कारण त्या नळीत टेस्टोस्टेरॉन तयारच होत नाही.

या भांडणाचा निवाडा एका नळीभर रक्तात होतो. मानेच्या खोबणीतली शीर अंगठ्याने दाबली की ठळक वर येते. सुई जाते, नळी भरते, घोडा फार तर कान हलवतो. रक्त गोठू दिले की वर पिवळाधमक सीरम सुटतो; घोड्याचा सीरम माणसाच्यापेक्षा अधिक पिवळा असतो, त्याला कावीळ समजून कोणी घाबरू नये. तो वेगळा काढून बर्फाच्या डब्यात प्रयोगशाळेकडे जातो. टेस्टोस्टेरॉन मिलिलिटरमागे १०० पिकोग्रॅमच्या वर आले तर आत अंडकोश आहे. ५० च्या खाली आले तर बहुधा नाही. मधेच अडकले तर एचसीजी हे एलएचसारखे काम करणारे हॉर्मोन टोचून तास-दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचे. अंडकोश असला तर टेस्टोस्टेरॉन उसळी मारते, नसला तर ढिम्म राहते. त्याहून सोपी वाट म्हणजे अँटी-म्युलेरियन हॉर्मोन, थोडक्यात एएमएच. नरात ते फक्त सर्टोली पेशी तयार करतात. खच्ची घोड्याच्या रक्तात ते सापडतच नाही, आणि अडकलेल्या अंडकोशाच्या घोड्यात ते अंडील घोड्याहूनही जास्त असते, असे केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले. एकदा रक्त घेतले की काम संपले, दुसरी सुई नको. ज्या सौद्यात 'खच्ची' या शब्दावर किंमत ठरते आणि त्या घोड्यावर उद्या माथेरानमध्ये कुणाचे लेकरू बसणार असते, तिथे हा कागद मागणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे.

मात्र तपासणीचा कागद हातात आला म्हणून शहाणपण येते असे नाही. टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखे नसते. ते थोड्या थोड्या वेळाने उसळते आणि उतरते. म्हणून पैदाशीच्या घोड्याचे रक्त तासातासाच्या अंतराने काही वेळा घेऊन बघणे बरे, आणि नळीवर वेळ लिहिणे तर सक्तीचे. ऋतूचाही फरक पडतो: हिवाळ्यात ते उतरते, दिवस मोठे होतात तसे चढते. शेजारी कोण बांधले आहे यानेही फरक पडतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये मोकळ्या सोडलेल्या पोनींच्या कळपांवर अभ्यास झाला. माद्यांचा कळप सांभाळणाऱ्या नराचे टेस्टोस्टेरॉन नुसत्या नरांच्या टोळीत राहणाऱ्यापेक्षा जास्त आढळले. अर्थात बाजारात दहा अंडील घोड्यांच्या रांगेत, प्रवासाने शिणलेल्या घोड्याचे एकदाच घेतलेले रक्त हे त्याच्या पुरुषत्वावरचे अंतिम निकालपत्र नव्हे.

घाईच्या निकालाचे एक गाजलेले उदाहरण आहे. सेक्रेटेरियट हा अमेरिकेतला दंतकथा बनलेला घोडा १९७३ साली ६०.८ लाख डॉलरच्या भागभांडवलावर पैदाशीसाठी विकला गेला. वीर्याच्या पहिल्या तपासणीत अपक्व पेशी दिसल्या आणि भागीदारांच्या तोंडचे पाणी पळाले. घोडा अवघा तीन वर्षांचा होता. खात्री करण्यासाठी थरोब्रेड नसलेल्या घोड्या लावल्या. त्यांतल्या लिओला नावाच्या ॲपलूसा घोडीने १९७४ साली शिंगरू दिले. पुढे त्याची सहाशेवर संतती झाली. तपासणी खोटी नव्हती, तिचा अर्थ लावायची घाई खोटी होती. कोवळ्या घोड्यावर 'नापीक' हा शिक्का मारणारा आणि मस्ती बघून 'पीकदार' म्हणणारा, दोघेही एकाच पंक्तीला बसणारे.

आणि हॉर्मोनच्या हाती सगळेच नसते. २००२ साली केंटकी डर्बी आणि प्रीकनेस या शर्यती जिंकलेला वॉर एम्ब्लेम हा घोडा जपानच्या शदाई फार्मने सुमारे १.७ कोटी डॉलरला नेला. त्याने बहुतेक घोड्यांकडे ढुंकून पाहिले नाही. ज्या मोजक्या घोड्या त्याला पसंत पडल्या त्यांना शिंगरे झाली, चांगली धावणारीही झाली; म्हणजे पिकाचा प्रश्न नव्हता, मनाचा होता. शर्यतीतल्या अंडील घोड्याला घोडीकडे पाहिले की चाबूक, असे शिकवत नेलेले असते. मग निवृत्तीच्या दिवशी तोच चाबूक खाली ठेवून 'आता बघ' म्हटले तर तो गोंधळणारच. असे मंद घोडे तपासले तर त्यांतल्या बहुतेकांचे टेस्टोस्टेरॉन ठीक निघते. तिथे इलाज संयमाचा आणि बदललेल्या वागणुकीचा असतो. हे कळण्यासाठीसुद्धा आधी रक्त तपासावे लागते, नाहीतर निरोगी घोड्याला ताकदीची सुई बसते आणि नसलेला रोग तयार होतो.

रक्त वीर्याची जागा घेत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या पशुप्रजनन तज्ज्ञांचा ठोकताळा असा: तासाभराच्या अंतराने दोन वेळा वीर्य घ्यावे आणि दोन्ही वेळा त्यात सरळ पोहणारे, धडधाकट शुक्रजंतू किमान १०० कोटी असावेत, दोन्ही अंडकोश खाली उतरलेले असावेत आणि त्यांची एकत्र रुंदी ८ सेंटिमीटरच्या आसपास किंवा अधिक भरावी. ही तपासणी पहिली. हॉर्मोनची तपासणी त्यानंतर सांगते की दोष वर पिट्युइटरीत आहे की खाली अंडकोशात, सुरुवात आहे की शेवट, काही करता येईल की हात जोडावेत. वीर्य काढायला जाणकार माणूस आणि साधने लागतात, ती खेडोपाडी नाहीत. रक्त घ्यायला तालुक्याचा पशुवैद्य पुरतो. म्हणूनच गावपातळीवर पहिले पाऊल म्हणून रक्ताला महत्त्व आहे.

खेड्यांची ही अडचण पुण्याला मात्र सांगता येणार नाही. भारतातल्या थरोब्रेड घोड्यांची वंशनोंद ठेवणारी स्टड बुक ऑथॉरिटी पुण्यात आहे, नावाजलेले स्टड फार्म पुण्याच्या आसपास आहेत. थरोब्रेडच्या नोंदणीला कृत्रिम रेतन चालत नाही; घोडा-घोडीची प्रत्यक्ष भेट हवीच. तिथे घोड्याच्या तपासणीवर खर्च करणारे मालक आहेत, कारण शिंगरू नाही तर फी बुडते. शिस्त कमी पडते ती मारवाडी, काठियावाडी, सिंधी घोड्यांच्या मोकळ्या बाजारात, आणि सर्वांत जास्त गरज आहे ती आपल्या भीमथडीला. मराठ्यांच्या फौजांशी जिचे नाव जोडलेले आहे, जी आज मुख्यतः धनगरांच्या वाड्यांबरोबर ओझे वाहत फिरते, त्या जातीची स्वतंत्र नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच केली. नोंदीचा आनंद झाला, सत्कार झाले. पण जी जात थोड्या जनावरांवर तगली आहे तिच्यात एकेका घोड्याचे मोल फार मोठे. एक नापीक किंवा एकच अंडकोश उतरलेला घोडा देखणा म्हणून निवडला गेला, तर एका पिढीचा काही भाग नाहीसा होतो. आणि अंडकोश न उतरण्याचा दोष वंशात उतरत असल्याचा संशय जाणकारांना आहे, म्हणून युरोपातल्या अनेक जातीसंस्था असा घोडा पैदाशीला घेतच नाहीत.

सोयीची अडचण खरी आहे. टेस्टोस्टेरॉनचा रेणू माणसात आणि घोड्यात एकच, त्यामुळे ते मोजणे तुलनेने सोपे. एफएसएच आणि एलएच ही प्रथिने, प्राण्यागणिक वेगळी. माणसाच्या किटवर घोड्याचे आकडे खरे येतीलच असे नाही. गावातल्या पॅथॉलॉजी लॅबने माणसाच्या छापील फॉर्मवर घोड्याचा अहवाल दिला आणि शेजारी पुरुषांची 'नॉर्मल रेंज' लिहिली, तर तो कागद चुलीत घालावा. हिसारला केंद्र सरकारची घोड्यांवरची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. घोडीची गर्भतपासणी रक्तावरून करण्याचे किट तिने तयार केले आहे. घोडी गाभण आहे का हे सांगणारी सोय झाली, घोड्याच्या तपासणीची तेवढ्याच अगत्याने व्हावी, अशी मागणी महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्याने आणि घोडेवाल्यांच्या संघटनांनी करायला काय हरकत आहे?

'आमच्या आजोबांनी कुठे रक्त तपासले होते?' हा आक्षेप येणारच. आजोबांचा घोडा गावातल्याच घोड्यांवर चालायचा; शिंगरे डोळ्यांसमोर पडायची, नाही पडली तर चारचौघांत बोलले जायचे. आज घोडा टेंपोत बसून चार जिल्हे फिरतो, मोबाइलवरच्या चित्रफितीत नाचतो आणि त्याची फी आगाऊ जमा होते. आजोबांची पारख वाईट नव्हती. तिला आधार देणारी गावाची आठवण आता त्या घोड्यासोबत प्रवास करीत नाही. तिच्या जागी कागद हवा.

तो कागद अवघड नाही. क्रॉसिंगची फी घेणाऱ्या प्रत्येक घोड्यामागे एक वही असावी: कोणत्या तारखेला कोणती घोडी लावली, उलटली की गाभण राहिली, शिंगरू झाले का. त्या वहीची पाने फी देणाऱ्याला बघायला मिळावीत. हंगामापूर्वी पशुवैद्याने दोन्ही अंडकोश चाचपून, मोजून सही करावी. लागोपाठ तीन घोड्या उलटल्या की चौथी लावण्याआधी घोड्याचे वीर्य आणि रक्त तपासावे, आणि अहवाल येईपर्यंत कोणतीही ताकदीची सुई देऊ नये. बाजार भरवणाऱ्या समित्या स्पर्धेतल्या विजेत्या घोड्याला चषक देतात. पैदाशीच्या गटात उभे राहायचे तर आधी वही आणि अहवाल दाखवा, एवढी एक अट त्यांनी घातली तरी दोन-तीन वर्षांत फरक दिसेल. ज्याचा घोडा खरा आहे त्याला या अटीने तोटा नाही, उलट त्याची फी वाढेल. विरोध कोण करतो ते बघावे; कोणाच्या घोड्याला घोड्या नेऊ नयेत, हे त्यावरूनच कळेल.